एकोणीस मीटर

टेपचं एक टोक बटणवालीच्या अंगठ्याखाली ठेवून टेलरबाई गुडघ्यांवर सरकत पुढे गेल्या, दीड मीटरवर खडूची बारीक रेघ मारली आणि मागे न बघताच म्हणाल्या, "सोड. आता इथे धर."

हॉलमधल्या कपाटापासून निघून, जेवणाच्या टेबलाला वळसा घालून, अरुंद बोळातून शिवणाच्या खोलीच्या पार खिडकीपर्यंत अशा बारा रेघा झाल्या आणि वर वीतभर उरलं. कपड्याला सोडतात तशी बाईंनी त्यात थोडी माया धरली. एकोणीस मीटर. काजं करायला आणि बटणं लावायला रोज येणाऱ्या त्या मुलीला इतका वेळ पडद्यांचं मोठं काम आलंय असंच वाटत होतं.

"पडदे नाहीत," भिंतीचा आधार घेत उठताना बाई म्हणाल्या. "स्पीकर इकडे आणतेय."

बटणवालीने हॉलकडे पाहिलं आणि उगाचच आवाज खाली आणला. गेलेल्या माणसाच्या वस्तूंबद्दल बोलताना आणतात तसा. काकांचे स्पीकर का, असं तिने विचारलं. बाईंनी नुसती मान हलवली आणि टेप गुंडाळून गळ्यात टाकली.

घर दोघांचं होतं, पण हॉल नवऱ्याचा. दोन उंच स्पीकर, त्यांच्यासमोर बरोबर मधोमध एक खुर्ची आणि ती जराही हलू नये म्हणून तिच्या पायांभोवती फरशीवर पांढऱ्या रंगाच्या खुणा. दर रविवारी सकाळी चार मित्र यायचे, डोळे मिटून बसायचे आणि रेकॉर्डची एक बाजू संपली की आवाजाबद्दल बोलायचे. गाण्याबद्दल क्वचितच. बाई चहा नेऊन द्यायच्या आणि परत मशीनवर बसायच्या. बत्तीस वर्षं भिंतीपलीकडून त्यांच्या वाट्याला आला तो नुसता ठेक्याचा दणका. शब्द हॉलमध्येच राहायचे. एकदा त्यांनी एक स्पीकर हळूच दाराकडे वळवला, तर नवरा दोन दिवस तोंड फिरवून होता. माणूस वाईट नव्हता. बाईंना ताप आला तर रात्रभर उशाशी बसायचा, गिऱ्हाइकांचे कपडे स्वतः पोचवून यायचा. पण त्या एका बाबतीत त्याच्यापुढे कोणाची मात्रा चालत नसे.

सहा महिन्यांपूर्वी तो गेला. मित्र मात्र रविवारी येत राहिले. सुरुवातीला बाईंना बरंच वाटलं, घरात चार माणसांचा वावर राहिला म्हणून. मग त्यांच्या लक्षात आलं, की ही मंडळी ती खुर्ची रिकामी ठेवून तिच्या आजूबाजूला बसतात, गेलेल्याचं नाव निघालं की हळवी होतात आणि चहा मात्र पूर्वीसारखाच मागतात.

लेकीने फोनवर सुचवलं, की हल्ली तळहातावर मावेल एवढा बिनतारी स्पीकर मिळतो, तो मशीनजवळ ठेव. बाई म्हणाल्या, मला एवढंसं काही नको, बत्तीस वर्षं पलीकडे जे वाजत होतं तेच हवंय, अख्खं. मग सगळंच इकडे का आणत नाहीस, असं लेकीने विचारलं. ते शक्य नव्हतं. शिवणाच्या खोलीत दिवसभर कापडाचे तंतू उडत. रेकॉर्डची सुई दोन दिवसांत माखली असती. रेकॉर्ड वाजायची ती कपाटातच. आवाज तेवढा चालत इकडे यायला हवा होता.

रविवारी बाईंनी हे मंडळींना सांगितलं. त्यांच्यातले सर्वांत जुने मित्र इंजिनिअर होते, निवृत्त होऊनही सगळे त्यांना इंजिनिअरच म्हणत. आवाजातलं शेवटचं मत त्यांचं. त्यांनी कप खाली ठेवला.

"वहिनी, दोन मीटरची तार होती म्हणून तो आवाज होता. एकोणीस मीटरमध्ये अर्धा आवाज तारच खाऊन टाकेल. आणि तार तरी कसली, दादांनी बाहेरून मागवलेली. तशी आता मिळायची नाही."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्या तारेबद्दल ही मंडळी नेहमी जरा हळू आवाजात बोलत. काळ्या कापडाच्या आवरणातली, करंगळीएवढी जाड. तिच्यामुळे आवाजाला खोली येते, असं त्यांचं ठरलेलं होतं.

बाईंनी कप गोळा केले. "खाते तर किती खाते, ते विचारून येते," त्या म्हणाल्या.

आधी त्या मोठ्या शोरूममध्ये गेल्या. तिथल्या विक्रेत्याने मखमलीवर चंदेरी विणीची एक तार अशी ठेवली, जसा काही हारच आहे. बाईंनी विचारलं, आत तांबं किती जाड आहे? तो म्हणाला, हिचा आवाज मोकळा असतो. बाईंनी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, हिच्यात ऊब आहे, आणि साहेबांना सोबत घेऊन या, म्हणजे प्रत्यक्षच ऐकवतो.

"साहेब नाहीत," बाई म्हणाल्या. "आणि कान माझे आहेत."

कापडाच्या दुकानात पोत विचारल्यावर कोणी रंग सांगू लागलं, तर बाई उठून येत. इथूनही उठल्या.

बसथांब्यामागे इलेक्ट्रिकच्या सामानाचं एक जुनं दुकान होतं. म्हाताऱ्या दुकानदाराने दोनच गोष्टी विचारल्या: अंतर किती आणि स्पीकरच्या पाठीवर ओहमचा आकडा कोणता. आकडा बाईंनी चिठ्ठीवर उतरवून आणला होता. आठ. दुकानदाराने कानावरची पेन्सिल काढली आणि खोक्याच्या पुठ्ठ्यावर दोन रेघा ओढल्या.

"जाताना एकोणीस, येताना एकोणीस. म्हणजे अडतीस मीटरची वाट झाली. वाट लांब असली की ती रुंद हवी, एवढंच यातलं शास्त्र. बारीक तार घेतलीत तर ती खरंच खाईल. अडीच एमएमची चालेल. चारची घेतलीत तर बघायलाच नको. दोन्ही स्पीकरना मात्र सारख्या लांबीची घ्या."

म्हणजे इंजिनिअर अगदीच खोटं बोलले नव्हते. तार खाते. पण जाड तारेला भूक कमी. त्यांनी ते अर्धंच सांगितलं होतं.

बाईंनी पर्समधून कात्री काढली आणि समोरच्या गुंडाळीचं एक टोक पात्याने खरवडलं. वरचा तांबूस रंग गेला आणि आत ॲल्युमिनियमची पांढरी चमक दिसली. सुती म्हणून मिसळीचं कापड गळ्यात मारणारे त्यांना रोजच भेटत. त्यांनी टोक दुकानदारापुढे धरलं. तो ओशाळून हसला, ही तुमच्यासाठी नाहीच म्हणाला आणि खालच्या फळीवरून दुसरी गुंडाळी काढली. ती आतपर्यंत लाल निघाली. चार एमएम, एकोणीस मीटरचे दोन तुकडे. गुंडाळी हातात घेतल्यावर जड लागली, आणि बाईंना ते वजन आवडलं.

बुधवारी सकाळी त्या जुनी तार सोडवायला बसल्या, तेवढ्यात इंजिनिअर आले. त्यांनी अडवलं नाही. ते एवढंच म्हणाले, की स्पीकर हलवायचे तर हलवा, पण ती तार फेकू नका, मला द्या, दादांची आठवण म्हणून जपीन. बाईंनी बरं म्हटलं आणि कपाटामागून तार ओढून काढली. ती त्यांच्याकडे देता देता त्यांचा अंगठा कापडाच्या शिवणीवरून फिरला आणि थांबला.

टाके बारीक, एकसारखे, शेवटाला दोनदा मागे घेतलेले. तसे शेवट त्या एकट्याच करत.

मग त्यांना आठवलं. खूप वर्षांपूर्वी नवऱ्याने काळ्या अस्तराच्या लांब, अरुंद नळ्या शिवून मागितल्या होत्या. कशाला विचारल्यावर म्हणाला होता, धूळ बसू नये म्हणून. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवून दुपारभरात त्या शिवल्या, सुई-दोरा ओढून उलटवल्या आणि विसरूनही गेल्या.

टाके उसवायचं हत्यार खिशातच होतं. "वहिनी, अहो," असं इंजिनिअर म्हणेपर्यंत शिवण हातभर उघडली होती. आत आणखी एक कापडाची पट्टी गुंडाळलेली, जाडी यावी म्हणून. तिच्या आत पांढरी, साधी, दोन पदरी तार. अंगावर कारखान्याची अक्षरं छापलेली.

इंजिनिअरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ती अक्षरं दोनदा वाचली.

"टेबललॅम्पची," बाई म्हणाल्या.

"दोन मीटरला चालतेच म्हणा तशी," ते पुटपुटले. पण आवाजात नेहमीचं बळ नव्हतं.

बाईंना आधी राग आला. मित्रांना फसवलं ते फसवलं, पण जिच्याकडून शिवून घेतलं तिलाही सांगू नये? मग रविवारचं दृश्य डोळ्यांपुढे आलं: हे चौघे डोळे मिटून त्या तारेचं गुणगान करतायत आणि नवरा मान खाली घालून ऐकतोय. त्याच्या खाली घातलेल्या मानेचा अर्थ त्यांना आज कळला, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांना हसू आवरेना.

"इतकी वर्षं तुम्ही माझ्या शिवणीचं कौतुक करत होतात, भाऊजी," त्या म्हणाल्या.

इंजिनिअर हसले नाहीत. चष्मा नाकावर आणून ते निघून गेले. तार टेबलावरच राहिली. बटणवालीला वाटलं, काकू जरा जास्तच बोलल्या. बाईंना तसं काही वाटलं नाही.

दोघींनी मिळून स्पीकर जुन्या चादरीवरून ओढत नेले. नवी तार फरशीलगत भिंतीच्या कडेने फिरवली, जाड कापडाचे पट्टे करून ठिकठिकाणी खिळ्याने अडकवली. दोन पदरांत गोंधळ होऊ नये म्हणून एकाच्या दोन्ही टोकांना लाल दोरा बांधला. लाल ते लाल. शेवटी बाई हॉलमध्ये गेल्या, खुर्ची उचलून खिडकीशी ठेवली आणि फरशीवरच्या पांढऱ्या खुणा ब्लेडने खरवडून काढल्या. तोवर संध्याकाळ झाली.

दुसऱ्या दिवशी मशीन उघडण्याआधी त्यांनी रेकॉर्ड लावली आणि बोळातून परत येऊन आपल्या स्टुलावर बसल्या. एक बाई गात होती. भिंतीपलीकडून हे गाणं शेकडो वेळा ऐकलेलं, पण दोन ओळींच्या मध्ये गाणारी श्वास घेते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. बटणवालीचा हात सुईसकट थांबला. बाजू संपेपर्यंत दोघींनी एक टाकाही घातला नाही.

रविवारी बाकीचे तिघे मित्र आले. हॉल रिकामा बघून गोंधळले. बाईंनी सांगितलं, मागे या, पण काम चालू असतं आणि खुर्च्या नाहीत. एक बाजू संपेपर्यंत ते कपड्यांच्या ढिगांत उभे राहिले, मशीन मध्येच वाजलं की एकमेकांकडे बघत. पुढच्या रविवारी कोणी आलं नाही. बाईंनीही कोणाला फोन केला नाही.

तीनेक आठवड्यांनी, भर दुपारी, इंजिनिअर एकटेच आले. शिवणाच्या खोलीच्या उंबऱ्यावर थांबले. बाईंनी बसा म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. रेकॉर्ड संपली, बाई उठून बोळातून गेल्या, बाजू उलटून परत आल्या, तरी ते तिथेच होते. आवाज कसा आहे, याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

"आमच्याकडे हॉलपासून मागच्या खोलीपर्यंत बावीस मीटर तरी होतील," ते म्हणाले. "हिला अंथरूण धरून दोन वर्षं झाली. दार उघडं ठेवलं की तिला येत असेल ऐकू, असं मी धरून चाललो होतो."

बाईंनी मशीन थांबवलं. त्या खोलीत त्या दोनदा जाऊन आल्या होत्या. पलंग, औषधांचं टेबल, आणि हॉलकडची जाड भिंत.

"ऐकू येत नाही, भाऊजी," त्या म्हणाल्या. "दणका येतो नुसता."

इंजिनिअरांनी मान हलवली. बाईंनी कागदाचा तुकडा घेऊन त्यावर दुकानाचा पत्ता लिहिला, खाली चार एमएम लिहिलं आणि आतपर्यंत लाल आहे का ते खरवडून बघायला सांगितलं. चिठ्ठी पुढे करता करता त्यांनी सहज विचारलं, "त्यांना काय ऐकायला आवडतं?"

इंजिनिअरांनी खिडकीकडे बघितलं, स्पीकरकडे बघितलं. बटणवालीने मान खाली घालून दोरा ओवायला घेतला.

बाईंनी चिठ्ठी मागे घेतली आणि कात्रीखाली दाबून ठेवली.

"मग आधी ते विचारून या," त्या म्हणाल्या. "तार कुठे पळून जात नाही."

ते चपला घालून निघाले. जिन्यावर त्यांची पावलं वर येतानापेक्षा बरीच भराभर वाजली.