पाळीवरचा वाटा

शिटी पितळेची होती आणि तिला काळी दोरी होती. तीन वर्षे ती केवळरामच्या गळ्यात राहिली होती. त्यामुळे प्राचार्य गुणवंतरावांनी ती परत मागितली तेव्हा दोरी कानाला अडकली आणि सोडवायला त्याला थोडा वेळ लागला. तेवढ्या वेळात त्याने समोरच्या माणसाला पाहून घेतले. बुटका, खांद्याने रुंद, पाय अनवाणी. टाचांच्या भेगांत कोळशाची काळी रेघ कायमची बसलेली. हाच तो डोमा. दिवाळीआधी माजरीच्या खाणकामगारांशी मैत्रीचा सामना झाला, त्यात चांद्याच्या कॉलेजवर सात गोल चढले. त्या सातही गोलांचा उगम या माणसाच्या पायापाशी होता. स्वतः त्याने एकही मारला नव्हता.

"केवळरामजी, मन लहान करू नका," प्राचार्य म्हणाले. "तुम्ही मराठी शिकवता, पोरांना जीव लावता, सारे खरे. पण तीन वर्षांत आपण एक सामना जिंकलेला नाही. डिसेंबरात नागपूरचा संघ आपल्या मैदानावर येतो आहे. तो सामना जिंकलो तर डोमा कायम. नाही जिंकलो तर तो माजरीला परत, आणि शिटी पुन्हा तुमची. तोवर प्रभारी म्हणून तुम्ही मैदानावर हजर राहायचे."

"बरं," केवळराम म्हणाला. कोणत्याही गोष्टीला तो असेच म्हणत असे.

फुटबॉल त्याला येत नव्हता. कुरखेड्याच्या एका धानकऱ्याचा तो मुलगा. खेळाचे नियम त्याने एका जुन्या पुस्तकातून पाठ केले होते. पण संध्याकाळचा पाच ते सहा हा तास त्याच्या आयुष्यातला असा एकच तास होता, ज्यात कोणीतरी त्याला मोठ्याने हाक मारत असे. चेंडूच्या कातड्याला तो स्वतः मोहाच्या टोळीचे, म्हणजे बियांचे, तेल चोळी. हरल्यावर कप्तान पत्रू त्याच्या खोलीच्या पायरीवर येऊन बसे; दोघे काही बोलत नसत, आणि त्या न बोलण्यात केवळरामला एक प्रकारचे घर सापडत असे. हरणे त्यांचे सामाईक होते. जिंकणे कोणासोबत वाटून घ्यायचे असते, हे त्याला ठाऊक नव्हते.

डोमाने पहिल्या दिवशी चेंडू आणलाच नाही. त्याने एक लांब दोर आणला, सहा पोरांच्या हाती दिला आणि म्हणाला, "पळा. पण दोर लोंबला नाई पायजे."

"डोमाभाऊ, मॅच खेळाची हाये का बैल बांधाचे हाये?" पत्रूने विचारले.

"बैल असते तं बरं झालं असतं बापा. बैल सोबत चालते."

पोरे खदखदून हसली. तीन वर्षांत केवळरामच्या एकाही वाक्यावर ती अशी हसली नव्हती. मैदानाच्या कडेला, पळसाखाली, मांडीवर तपासायच्या वह्या घेऊन तो बसला होता. ते हसणे ऐकता ऐकता त्याने एकाच वहीवर दोनदा गुण दिले.

डोमा जातीचा धीवर. खाणीत जाण्याआधी त्याचे सारे आयुष्य नागभीडकडच्या तलावांत गेले होते. चांद्याजवळच्या एका खेड्यात त्याचे नातलग होते. दर रविवारी तो पोरांना तिथल्या तलावावर नेऊ लागला. महाजाळ धरून माणसे छातीभर पाण्यात उतरत आणि ओळीने, एका चालीने, काठाकडे सरकत. एक जरी पुढे गेला किंवा मागे राहिला, तरी जाळ्याला घडी पडे आणि मासोळी त्यातून निसटे. डोमाला हेच शिकवायचे होते.

"अबे पोचू, पाण्यात झोपला का बे? जाळं तुयी वाट पाह्यन का?"

"डोमाभाऊ, पायाले काईतरी चावलं!"

"खेकडा असन. त्यालेई घेजो संगं, भाजीले होईन."

केवळराम पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, छत्री उघडून बसे. हजर राहायचे म्हणून हजर. हातात पुस्तक असे, पण पान उलटत नसे. खाली पाण्यात ती ओळ सरके, उन्हात ओल्या पाठी चमकत, आणि सगळ्यांची तोंडे एका माणसाकडे वळलेली असत. डोमा मधूनच मान वर करून पाळीकडे पाही. ते पाहणे केवळरामला सहन होत नसे. हरलेल्या माणसावर नजर ठेवतो आहे, असे त्याला वाटे.

त्याहून वाईट रविवारची संध्याकाळ. पळसाच्या पानांत बांधलेली मासोळी घेऊन डोमा त्याच्या दाराशी येई. "गुरुजी, हे तुमचं," एवढेच बोलून पुडा उंबऱ्यावर ठेवी आणि जाई. पुडा लहान नसे. पोरांना मिळे तेवढाच असे. केवळराम तो उघडतही नसे. तसाच घरमालकीण रुखमाबाईकडे नेऊन देई.

"काऊन जी मास्तर," एकदा तिने विचारलेच, "दर आयतवारी हा मानूस तुमाले मासोळ्या काऊन आनून देते?"

"माहीत नाही," तो म्हणाला. पण त्याला वाटत होते की माहीत आहे. ज्याचे घेतले त्याचे तोंड बंद करायचे असते. किंवा ही कीव होती. कीव असेल, या विचाराने त्याला रात्ररात्र झोप लागेना.

मत्सराने माणसाची नजर धारदार होते. डोमाची चूक शोधण्यासाठी केवळराम जितके बारकाईने पाहू लागला, तितके त्याने तीन वर्षांत कधी पाहिले नव्हते. आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती चूक त्याला सापडली. डावीकडचा चैतू चेंडू जवळ आला की ओळ सोडून दोन पावले पुढे निघे. इतके थोडे, की समोरून वा मागून ते कळतच नसे. डोमा नेहमी गोलाच्या मागे उभा राही. तिथून सारी ओळ सरळच दिसणार. केवळराम मात्र बाजूला बसे. चैतूच्या पाठीमागे उघडी पडणारी ती जागा त्याला स्पष्ट दिसे. दार किलकिले राहावे तशी.

त्याने ते कोणाला सांगितले नाही. खडीसाखरेचा खडा जिभेखाली धरावा तसे त्याने ते जपले.

सामन्याच्या दिवशी, शनिवारी, अर्धा चांदा मैदानाभोवती लोटला. नागपूरची पोरे उंच, त्यांचे बूट नवे. तरीही आपली ओळ मोडेना. दोर हाती नसतानाही तो सहा जणांमध्ये ताणलेला दिसत होता. मग विसाव्या मिनिटाला चेंडू डावीकडे आला, चैतू दोन पावले पुढे गेला, आणि नागपूरचा एक पोरगा त्याच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेतून शिरून गोल करून गेला. केवळरामचे हृदय आनंदाने उडाले. त्या आनंदाची त्याला लाज वाटली, पण आनंद गेला नाही. थोड्या वेळाने पत्रूने गोल फेडला, तेव्हा सगळे मैदान उभे राहिले. केवळरामही उठला, पण एका श्वासाने उशिरा.

मध्यंतर झाले. पोरे पाणी पीत होती. डोमा त्यांच्याकडे न जाता अख्खे मैदान ओलांडून पळसाखाली आला आणि केवळरामसमोर उकिडवा बसला.

"गुरुजी, सांगा जी. कुठी फाटून राह्यलं?"

"मला काय विचारता?"

"मंग कोनाले इचारू? पाळीवर तं तुमी हायेत." डोमाला प्रश्नाचेच नवल वाटले. "पान्यातल्या मानसाले जाळ्याचं पोट दिसत नाई. म्हनून एक जन पाळीवर बसवतेत, बाजूनं पाहाले. तो पान्यात उतरत नाई, तरी वाटा त्याचा बरोबरीचा राह्यते. म्या महिनाभर वाट पाह्यली, गुरुजी हाक मारतीन म्हनून. म्हटलं, अजून काई दिसलं नसन."

पळसाच्या पानांतले ते सगळे पुडे केवळरामच्या डोळ्यांपुढे एकदम आले. दर रविवारचे, न उघडलेले. ती कीव नव्हती. तो त्याचा वाटा होता. त्याला ओळीत धरले होते, पहिल्या दिवसापासून, आणि त्याच्याखेरीज ते सर्वांना माहीत होते.

ओठांवर चैतूचे नाव आले. तेवढ्यात पलीकडून पत्रूने हाक मारली, "डोमाभाऊ! या ना जी लवकर!" त्या हाकेत जी ओढ होती, ती एके काळी एका खोलीच्या पायरीवर मुकी बसत असे.

"काही नाही," केवळराम म्हणाला. "सगळे ठीक दिसते."

डोमाने मान हलवली. त्याने पूर्ण विश्वास ठेवला. उठताना गुडघ्यावर हात ठेवून तो म्हणाला, "बरं झालं इचारलं."

सामना संपायला पाच मिनिटे असताना त्याच जागेतून नागपूरचा दुसरा गोल झाला, आणि सामना गेला.

रविवारी सकाळी डोमा खांद्यावर वळकटी घेऊन दाराशी आला. शिटी त्याने केवळरामच्या हातावर ठेवली आणि बाजूला पळसाच्या पानांचा पुडा ठेवला.

"आज मी पाळीवर नव्हतो," केवळराम कसाबसा म्हणाला.

"कालचा हाये, गुरुजी. जाळं रिकामं निघालं म्हनून पाळीवाल्याचा वाटा बुडवत नसतेत." त्याने हात जोडले. "माजरीची गाडी पकडाची हाये. येतो मंग."

त्याला कळले होते की नाही, हे केवळराम त्याच्या पाठीकडे बघून ओळखू शकला नाही. गाडीची वेळ टळून गेल्यावर त्याने पहिल्यांदाच तो पुडा स्वतःच्या हाताने उघडला. मरळ होती; ताजी, चांगली हातभर.

सोमवारी पाच वाजता पोरांनी कोणी न सांगता दोर काढला आणि ती धावू लागली. केवळराम सवयीने पळसाखाली जाऊन बसला. दोर येत गेला, डावे टोक पुढे सरले, आणि त्याला स्वतःलाच न कळत त्याच्या तोंडून शब्द निघून गेले, तीन वर्षांत निघाले नव्हते इतके मोठ्याने:

"चैतू, दोन पावलं मागे!"

चैतू मागे आला. दोर मैदानभर सरळ ताणला गेला. सगळ्यांनी एकदम तो पाहिला.

पत्रूने आपल्या हातातले टोक हळूच खाली टाकले आणि वळून विचारले, "सर, हे तुमाले आजच दिसलं का जी?"

केवळरामने शिटी ओठांना लावली. काळ्या दोरीला अजून तलावाच्या पाण्याचा वास होता. पोरे उत्तराची वाट पाहत उभी होती, आणि त्याला शिटी वाजवता येईना.