जागेवर न सापडलेली कंपनी

“अगं, हे फाटक मोठ्या माणसालाही उघडत नाही,” सासूबाई म्हणाल्या होत्या.

“मोठ्या माणसाला डोकं असतं, आई.”

“सगळ्यांनाच?”

तिने ते हसण्यावारी नेलं. फाटक तिने स्वतः रचलं होतं, तेव्हा त्यात खोड काढलेली तिला खपत नसे. लेकीला घरात सगळे भिंगरी म्हणत. भिंगरी रांगायला लागली ती थेट जिन्याच्या दिशेने, आणि आईच्या जिवाला घोर लागला. एका हाताने कडी उचलायची, त्याच वेळी दुसऱ्या हाताने खालची कळ दाबायची, तरच उघडणारं हे फाटक मिस्त्रीकाकांनी तिच्या चित्रावरून बनवलं आणि जिन्याच्या वरच्या टोकाला बसवलं. घराचं दार आणि दारावरची घंटा फाटकाच्या आत राहिली. त्याने काय बिघडतंय, असं तिला वाटलं.

मग ओळखीपाळखीतून मागण्या आल्या. भाड्याने छोटंसं वर्कशॉप घेतलं, रीतसर कंपनी नोंदवली. पत्ता घराचाच दिला. मूल इथे, आई इथे, मग कंपनीने तरी कुठे जायचं?

पुढे एके दिवशी वर्कशॉपचे मालक करार वाढवून देईनात. “करार करू कोणाशी, ताई? तुमची कंपनी नोंदणीतून काढून टाकलीय. नोंदणी परत मिळवा, नाहीतर जागा रिकामी करा.”

नोंदणी कार्यालयात चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. वर्षाची कागदपत्रं भरायची राहिली होती. म्हणून कंपनी आहे की नाही हे बघायला माणूस पाठवला होता. तो तीन वेळा आला आणि तिन्ही वेळा त्याने शेरा मारला: ‘जागा बंद. कंपनी आढळली नाही.’

“मी घरातच होते हो! मी जाणार कुठे?”

“तसा अर्ज द्या,” खिडकीतला कारकून म्हणाला. “विचार होईल.”

तिने अर्ज दिला. जेव्हा जेव्हा विचारलं तेव्हा उत्तर एकच, “विचार चालू आहे, थांबा.” चांगल्या घरची, चांगली शिकलेली मुलगी, ती थांबली. कोणी विचार करत असताना मध्ये बोलू नये हे तिला लहानपणीच शिकवलं होतं. अखेर कार्यालयाचा विचार पुरा झाला: विनंती अमान्य.

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. “कोर्टात आधीच का नाही आलीस?”

“ते विचार करत होते ना.”

“त्यांचा विचार चालू असला तरी तुझी कोर्टात यायची मुदत थांबत नाही, बाई. ती मूळ निर्णयापासूनच पळायला लागते. संपलीसुद्धा.”

“मग त्यांनी मला ‘थांबा’ का सांगितलं?”

“त्यांना थांबा म्हणायला कुठे मुदत असते?”

तर आता आधी उशीर माफ करा म्हणून अर्ज, आणि तो मंजूर झाला तरच कंपनीची गोष्ट. कार्यालयाचे वकील कडक इस्त्रीचे होते. “अर्जदार सुशिक्षित आहेत,” ते म्हणाले. “झोपून राहिलेल्यांना कोर्टाने का उठवावं?”

झोप हा शब्द ऐकून तिला हसू फुटलं. भिंगरी झाल्यापासून तिला सलग झोप दिली होती कोणी?

वकीलबाईंनी नमुन्याचं फाटक आणवलं होतं. “आमच्या दारापर्यंत पोचायला आधी हे उघडावं लागतं.”

“दाखवा उघडून,” न्यायाधीश कार्यालयाच्या वकिलांना म्हणाले. त्यांनी ओढलं, ढकललं, कोटाची बाही अडकवून घेतली. मग न्यायाधीश स्वतः खाली उतरले. थोडा वेळ खडखड झाली. ते पुन्हा वर जाऊन बसले आणि घसा खाकरून म्हणाले, “उशीर माफ.”

“आम्हाला उत्तर द्यायला वेळ हवा,” कार्यालयाचे वकील बाही सोडवत म्हणाले.

“दिला.” कारण कोणी विचारलं नाही.

हुकूम असा झाला: तपासनीसाने पुन्हा जागेवर जाऊन यावं आणि पुढच्या तारखेआधी अहवाल द्यावा. वर्कशॉपचे मालकही त्या तारखेपर्यंतच थांबायला तयार होते. कंपनी आणि वर्कशॉप, दोन्ही आता त्या अहवालावर लटकली.

तिने घंटा फाटकाच्या बाहेर बसवून घेतली. तपासनीस आला तारखेच्या आदल्या दिवशी. घंटा वाजताच ती अशी धावली की पायातली चप्पल मागेच राहिली.

“ती कंपनी हीच का?”

“हीच, साहेब. कायम इथेच आहे.”

“तीन वेळा आलात म्हणे,” सासूबाई चहा पुढे करत म्हणाल्या. “एकदा हाक मारली असती तर जीभ झिजली असती का?”

“सरकारी कामात हाका मारत नाहीत, आजी.”

खालून ठोकाठोकी ऐकू येत होती. “आमचेच मिस्त्रीकाका,” तिने अभिमानाने सांगितलं. “तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंचा नातू रस्त्यावर पळतो, म्हणून जिना उतरल्यावर रस्त्याकडच्या तोंडाला नवं फाटक बसवतोय. बघा, मागणी आहे आम्हाला!”

तपासनीसाने भिंगरीच्या तोंडातून पेनचं टोपण सोडवलं आणि लिहिलं: ‘कंपनी जागेवर आहे.’ तिला वाटलं, त्या कागदाची दृष्टच काढावी.

“आज संध्याकाळच्या आत पोचवतो. तारीख उद्याची आहे, उशीर नको,” म्हणत तो उठला. तिने फाटक उघडून दिलं, तो उतरला, मागे फाटक खट्कन लागलं. ठोकाठोकी केव्हाच थांबली होती. मिस्त्रीकाका काम उरकून गेले होते, शिंपीणबाई नातवाला घेऊन दुकानात.

दिवसभर किरकिरलेली भिंगरी आईच्या खांद्यावर एकदाची झोपली. कोणी उठवू नये म्हणून तिने हळूच घंटेची तार काढून ठेवली. खिडकीतून तपासनीसाची स्कूटर दिसत होती. कोणा दुसऱ्याची असेल, तिने मनाशी म्हटलं.

अहवालाला उशीर झाला तर कार्यालयाला माफी मिळेलच. वर्कशॉपला मिळेल असं नाही. पण आत्ताच झोपलेलं मूल खांद्यावर असताना कुठली आई जागची हलते? तेव्हा तुम्ही त्या बाजूने जाणार असाल तर जिन्यात जरा डोकावून बघा, दोन फाटकांच्या मध्ये फाइल छातीशी धरून कोणी गृहस्थ उभे आहेत का. हाक येण्याची वाट मात्र बघू नका.