जवसाचं खरं सांगणारा खल

मित्रांनो, काठाचा टवका उडालेला, तरी मान ताठ ठेवून असलेला मी चिनी मातीचा जुना खल आहे. भट्टीतून भाजून निघालो, तेव्हाच कणखर झालो. कर्जतच्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं मी बिया कुटल्या. मग विजेवर चालणारं दळणयंत्र आलं आणि यज्ञेश सरांनी माझ्यात टाचण्या ठेवल्या. फार लागलं मनाला.

यंदा सुरभी ही विद्यार्थिनी जवसाचे पाच वाण तपासत होती. कच्चं जवस कुटून ओलं केलं, की त्यातून थोडा विषारी वायू सुटतो. बंद बाटलीत टांगलेली पिवळी पट्टी त्याने विटकरी होते; रंग जितका गडद, तितकं विष जास्त. चार वाणांच्या पट्ट्या विटकरी झाल्या. पाचवं जवस चौक गावाजवळच्या तिच्या भागूआत्याच्या शेतातलं. त्याची पट्टी पिवळीच राहिली! सुरभीला आनंद मावेना. आत्याचा बचत गट आता कच्च्या जवसाची पूड 'बिनविषारी' म्हणून विकणार होता.

सर म्हणाले, "अहवाल पाठवण्याआधी एकदा पुन्हा करून बघ." नेमकी वीज गेली. टाचण्या ओतून सुरभीने मला धुतलं.

बत्ता पडला आणि बी कुर्रकन फुटलं. मी चमकलो. कच्चं जवस बत्त्याखालून निसटतं, चिवटपणा करतं. यंत्राच्या घरघरीत हे कुणाला कळणार? पण सुरभी शेतकऱ्याघरची पोर. तिचा हात थांबला. तिने तडक फोन लावला.

"आत्या, बी भाजून दिलं होतंस का गं?"

"मग! तुज्या सरांनी तोंडात टाकलं असतं तर? कच्चं जवस आमी कुनाला देत नाय."

दुसऱ्या दिवशी आत्या स्वतः कच्चं बी घेऊन आली. मी ते कुटलं. रात्रभर बाटलीत टांगलेली पट्टी सकाळी इतरांसारखीच विटकरी! आधीच्या बियांतून विष सुटलं नव्हतं, ते भाजल्यामुळे. सुरभीचा चेहरा पडला, पण अहवालात तिने खरं तेच लिहिलं. गटाच्या पाकिटांवर 'भाजलेलं जवस' असं छापायचं ठरलं.

"आमी भाजतो ते उगाच नाय," आत्या सरांना म्हणाली, "आता कागदावर आलं बगा."

टाचण्यांना आता वेगळी डबी आहे. मित्रांनो, नवी यंत्रं खुशाल आणा. पण मला धुऊन, कोरडा पुसून हाताशी ठेवा. कालच्या बियांचा एक कण जरी माझ्यात राहिला, तरी मी खोटा पडेन. आणि या वयात खोटं ठरणं मला सोसायचं नाही.