हे ‘नाही’ पुसायचं नाही

अरे ऐक ना, आज काय झालं ते आधी ऐक, मग कुठे जायचं तिथे जा. मी बोलतोय, मीटिंगच्या खोलीतला पांढरा फळा. वय वर्षं दोन. लोकांनी लिहायचं, लोकांनीच पुसायचं, मी गप्प. आजपर्यंत हं.

इथे मेंदूला मार लागलेली माणसं येतात. कुणाचं चालणं गेलेलं, कुणाचं बोलणं. रोज एका पेशंटसाठी डॉक्टर, फिजिओदादा आणि बोलायला शिकवणारी ताई माझ्यासमोर बसतात. पेशंटला विचारून त्याचं ध्येय माझ्यावर लिहितात. पेशंट ‘हो’ म्हणाला की शेजारी बरोबरची खूण. संपला विषय.

आता आपले पेंटरकाका. दुकानांच्या पाट्या रंगवायचे. शिडीवरून पडले, डोकं आपटलं. उजवा हात लुळा पडला आणि तोंडात एकच शब्द उरला, ‘हो’. दुखतंय का? हो. दुखत नाही ना? हो. ताई कानीकपाळी ओरडायची, “त्यांच्या ‘हो’वर जाऊ नका.” सगळे माना डोलवायचे आणि खूण करून मोकळे.

आज काकांचा धाकटा भाऊ आला होता. माणूस वाईट नाही, फक्त भित्रा.

“दादा, शिडीबिडी आता बास. दुकान बंद करू, तू घरी आराम कर. चालेल ना?”

“हो,” काका म्हणाले.

डॉक्टरांनी लिहिलं, ‘ध्येय: घरी आराम’. पुढे खूण.

काकू कोपऱ्यातून म्हणाल्या, “अहो, तोंड बघा त्यांचं. माझ्या माहेरी निघताना असाच ‘हो’ म्हणायचे.”

ताई वळली. “काका, नक्की हो?”

“हो, हो, हो!” म्हणत काका खुर्चीतून उठायलाच लागले. फिजिओदादा धरायला धावला, तर त्याचा हात झटकला. दोन पावलं टाकली, खांदा माझ्यावर रेलला आणि डाव्या हातात मार्कर घेतला. आधी दोन आडव्या रेघा मारल्या, एक वर, एक खाली. पाटी रंगवताना मारतात ना, तशाच. मधे सावकाश एकेक अक्षर, ‘नाहा’. थांबले. मान तिरकी करून बघितलं. शेवटच्या कान्यावर अशी झोकदार वेलांटी दिली की काय सांगू. ‘नाही’. बरोबर त्या खुणेच्या अंगावरच.

काकू डोळे पुसत हसायला लागल्या. भाऊ पुढे येऊन काकांना आधार देत म्हणाला, “पण शिडीवर चढायचं नाही हं, दादा.” डॉक्टरांनी स्वतःची ओळ पुसली आणि ताईला विचारून नवी लिहिली, ‘डाव्या हाताने, टेबलावर, एक पाटी’. या वेळी खूण काकांनी स्वतः केली, डॉक्टरांच्या मार्करने.

गंमत पुढेच आहे. काकांच्या हाती लागला होता फायलींवर लिहायचा पक्का मार्कर. सफाईवाल्या मावशी आत्तापर्यंत डस्टर घासत होत्या, बाकी सगळं गेलं, रेघांसकट ‘नाही’ जागचं हललेलं नाही. “उद्या दुसऱ्या पेशंटची मीटिंग आहे रे बाबा,” असं मलाच म्हणाल्या आणि स्पिरिट आणायला गेल्यात.

आणू देत. आजवर जे लिहिलं ते मुकाट्याने पुसू दिलं मी. हा शब्द मात्र घट्ट धरून बसलोय. आता तूच सांग, माझ्या जागी तू असतास तर सोडला असतास?