दहा घरांची यादी

एस्पेरांसा लोबो हे नाव पेडण्याकडच्या पोरांच्या जिभेवर काही टिकेना, म्हणून शाळेत ती रांसाबाई झाली. अठरा वर्षं ती मराठी शाळेत विज्ञान शिकवत होती. १९८६च्या ऑगस्टात मुख्याध्यापक गोकुळदास सरांनी मराठी गोव्याची राजभाषा व्हावी असं निवेदन तिच्यापुढे ठेवलं, तेव्हा तिने सही केली. ज्या भाषेत आपण मुलांना प्राणवायू आणि प्रकाशकिरण समजावतो, ती आपली नाही असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? ती राहायची त्या खुरीसवाड्यावरच्या ख्रिस्ती घरांनी मात्र त्यानंतर आठवडाभर तिच्याशी धड बोलणं ठेवलं नाही. तिथे सगळ्यांना कोकणी हवी होती.

डिसेंबरात दक्षिण गोव्यातून भाषावादाच्या दंगलींच्या बातम्या येऊ लागल्या. रस्त्यांवर आडवी पाडलेली झाडं, जळलेल्या बसगाड्या, मेलेली माणसं. एके दिवशी मधल्या सुट्टीत सर तिच्याकडे आले.

"बाई, गावात शांतता समिती केलीय. खुरीसवाड्यावर कोण कुठे राहतं, तेवढी यादी करून द्या. पोलिसांना गस्त घालायला बरं पडेल. तुमच्या हातचं काम म्हणजे परत बघायला नको."

दोन दुपारी खपून तिने यादी केली. दहा घरं, दर घराच्या मालकाचं नाव, माणसं किती, मागचं दार कुठे. सोबत नकाशा काढला, अंतरं पावलांनी मोजली, कोपऱ्यात उत्तरेचा बाण दाखवला. म्हाताऱ्या पास्कू मांयच्या नावापुढे लिहिलं, 'एकटी, ऐकू कमी येतं.' आठव्या घराशी ती जरा थांबली. मिंगेल फर्नांडिस बायकोसह कुवेतला होता आणि घरात दिवाळीआधीपासून सगुण भाड्याने राहत होता. सगुण सिंधुदुर्गातला, डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवणारा. पण घर मिंगेलचं, कौलं मिंगेलची; त्याच्याही घरावर पोलिसांची नजर असावी म्हणून तिने मिंगेलचंच नाव लिहिलं. प्रत एकच होती. ती तिने सरांच्या हातात दिली.

गुरुवारी दिवेलागणीला वाड्यावर एक टेम्पो आला. त्यातली पोरं गावातली नव्हती. पाव तासात घरांवर दगड टाकून ती निघूनही गेली. पास्कू मांय आत खोबरं किसत होती, तिला काही ऐकूच आलं नाही. वरून कौलाचा तुकडा कपाळावर पडला आणि चार टाके घालावे लागले.

सकाळी रांसाबाई वही घेऊन निघाली. आधी दिसतं ते लिहायचं, कारण मागाहून शोधायचं, ही तिची सवय. सगुण अंगणात कौलांचे तुकडे गोळा करत होता.

"बाई, दारात तुळस आसा. दिवाळीचो कंदील अजून उतरूक नाय. तेंका दिसाक नाय काय?" तो म्हणाला. "आता मियां ख्रिस्तांव झालंय म्हणा. नाताळाक गोड बेबिंक धाडा म्हणजे झालां!"

ती हसली आणि हसता हसता तिची नजर तुळशीवर अडली. डोळ्यांनी पाहणाऱ्याने या घरावर दगड टाकला नसता. या घराला ख्रिस्ती म्हणेल असा एकच कागद होता.

तिने मागे वळून स्वतःच्या घराकडे पाहिलं. दर्शनी भिंतीवर हातभर क्रूस, आणि एक कौल हललेलं नाही. मग तिच्या ध्यानात आलं. मोजणारीचं स्वतःला मोजायचंच राहून गेलं होतं. यादीत दहा घरं होती आणि फुटलेलीही तीच दहा.

गोकुळदास सर पडवीत पेपर वाचत बसले होते.

"सर, यादी कुणाला दिलीत?"

"समितीला. बसा बाई. चहा घेणार?"

"समितीत कोण कोण आहे?"

"आपलेच लोक. कालचे ते बाहेरचे. आपल्या गावचा एक माणूस त्यात नव्हता, देवीच्या पायाची शपथ."

"मग सगुण राहतो ते घर मिंगेलचं, हे बाहेरच्यांना कसं कळलं?"

सरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला. "कागद कुणीतरी पाहिला असेल. प्रत्येकाच्या हातावर मी कुठे नजर ठेवू?" मग समजूत घातल्यासारखा त्यांनी आवाज खाली आणला. "तुमच्या घराला तर धक्का लागला नाही ना? तुम्ही स्वतःचं घर यादीत घातलं नव्हतंत. पाहिलं तेव्हाच म्हटलं, बाई हुशार. मीही कुणाला बोललो नाही."

ती ते वाक्य मनात पुन्हा घोळवत राहिली. यादी गस्तीसाठी असेल, तर आपलं घर गाळणं हा वेंधळेपणा. ती हुशारी वाटायला, यादीचं पुढे काय होणार हे आधीच ठाऊक असावं लागतं.

"तुम्हाला तेव्हाच माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

ती उठून पायऱ्या उतरली. मागून सरांचा आवाज आला, "बाई, तुम्ही सही केलेलं माणूस! तुम्हाला इथे कुणी काही करणार नाही!"

वाड्यावर सगळे पास्कू मांयच्या घराशी जमले होते. छपरावर दोघे बसलेले, खालून एकेक कौल वर जात होतं. रांसाबाई आली तशा माना तिच्या घराकडे वळल्या. तिचं साबूत छप्पर सगळ्यांनी पाहिलं होतं. यादीचं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. ती गप्प राहिली असती तर लोक ते दैवावर ढकलून कधीतरी विसरलेही असते. पण याच माणसांत तिला म्हातारं व्हायचं होतं, आणि मनात हे ठेवून त्यांच्या शेजारी चर्चच्या बाकावर बसणं तिला जमणार नव्हतं.

"घरांची यादी मी केली," ती म्हणाली. "समितीला मीच दिली. पोलीस राखण करतील असं सांगितलं होतं मला."

पास्कू मांयला ऐकू गेलं नाही. कुणीतरी तिच्या कानात ओरडून ते सगळं सांगितलं. कपाळाची पट्टी सावरत म्हातारी रांसाबाईकडे वळली.

"सगळ्यांची घरां लिवलंस, मगे तुजां कित्याक नाय?"

उत्तर खरं होतं आणि एका शब्दाचं होतं.

"विसरलंय."

छपरावरून कुणीतरी फिसकन हसलं. रांसाबाईने वाकून एक कौल उचललं आणि वर धरलं. वरच्या माणसाने ते घ्यायला हात पुढे केला नाही. पास्कू मांयने दुसरं कौल पुढे केलं तेव्हा त्याने ते घेतलं.