पालक आणायचा शनिवार

मित्रांनो, दवाखान्याच्या फाटकाशी एक हिरवी हातगाडी उभी असते. तिची तीन चाकं शहाणी आहेत आणि चौथं आपल्याच मनाचं. ती हातगाडी म्हणजे मी. ज्या झाडापासून माझ्या फळ्या निघाल्या ते इतकं उंच होतं, की शेंड्यावरच्या पाखरांना खाली उतरताना वाटेत मुक्काम करावा लागे. ते कापायला आलेल्या लाकूडतोड्याची कुऱ्हाड तर दमून घरी निघून गेली होती. नसेल पटत तर राहू द्या. पुढचं मात्र खरं आहे, अगदी चाकाची शपथ.

तरुणपणी मी गोळ्या, चॉकलेटं आणि रंगीत सरबतं विकली. एकदा उतारावर अशी काही सुटले, की माझी सावली दुसऱ्या दिवशी धापा टाकत येऊन पोचली. पुढे मालक थकला आणि मी दवाखान्याच्या मागच्या भिंतीला टेकून पडले. फळ्या फुगल्या, एका कोंबडीने माझ्यावर संसार थाटला. भंगारवाला येता-जाता माझ्याकडे असा बघायचा, की चाकं पोटाशी घ्यावीशी वाटायची.

तिथून मला बाहेर काढलं ते आरोग्यताईंनी. वस्तीवस्तीत जाऊन मुलांना चांगलं खायची आणि भरपूर खेळायची सवय लावणं हे त्यांचं काम. त्यांनी मला खसाखसा घासलं, हिरवा रंग दिला, आणि माझ्यावर फळं, भाज्या, चेंडू अन् एक लांबलचक दोर लादून त्या निघाल्या.

ताई भाषण म्हणून देत नसत. गल्लीच्या तोंडाशी मला उभी करायच्या, दोराचं एक टोक माझ्या दांड्याला बांधायच्या आणि दुसरं स्वतः गरगर फिरवायच्या. मुलं उड्या मारून घामाघूम झाली, की त्यांच्या हातावर गाजराचे तुकडे ठेवायच्या. एरवी गाजर बघून नाक मुरडणारी मंडळी मग तुकड्यांवरून भांडायची. मोबाईलला गोचिडीसारखी चिकटलेली मुलंही माझ्या चाकाची कुरकुर ऐकली की अनवाणी पळत यायची. मला पुष्कळांनी ढकललंय, पण असा मायेचा आणि खटपटी हात दांड्याला दुसऱ्या कुणाचा लागला नाही.

मोठ्या डॉक्टरीणबाईंना मात्र शंका होती. त्यांचं म्हणणं असं, की मुलं घरी काय खातात ते मोठी माणसं ठरवतात, आणि तीच कधी गाडीपाशी फिरकत नसतील तर ही सगळी यातायात कशासाठी? शनिवारी त्या स्वतः बघायला येणार होत्या. पालक आले तर गाडी चालू, नाहीतर बंद. बंद झाली, की ताईंनी दवाखान्याच्या खिडकीत बसून केसपेपर द्यायचे. आणि मी कुठे जायचं, ते भंगारवाल्याला पाठ होतं.

ताईंनी उड्यांच्या धांदलीत, दोर फिरवता फिरवता मुलांना बजावलं, "शनिवारी येताना प्रत्येकाने पालक आणायचा. कारणं चालणार नाहीत."

आता गंमत अशी, की तो सगळा आठवडा ताई पालेभाज्यांचे गुण सांगत होत्या. मुलांना जे कळायचं ते कळलं.

एका जागी कधी न टिकणारी एक मुलगी होती, तिला सगळे भिंगरी म्हणत. तिने विचारलं, "ताई, निवडून आणू?"

"निवडतेस काय? असेल तेवढा सगळा आण."

"आमचा जरा सुकलाय," मागून एक मुलगा म्हणाला.

त्याचे वडील नुकतेच तापातून उठल्याचं ताईंना माहीत होतं. त्या मायेने म्हणाल्या, "मग सावलीसावलीने आण हो."

"धुऊन आणू?"

"आंघोळ घालून आणलास तर फारच छान," म्हणत ताई हसल्या. मी सगळं ओळखलं होतं. पण हातगाडी कुरकुरण्यापलीकडे काय बोलणार?

शनिवारी डॉक्टरीणबाई खुर्ची टाकून बसल्या. मुलं आली. प्रत्येकाच्या छातीशी पालकाची हिरवीगार जुडी. ती त्यांनी माझ्यावर रचली आणि शाबासकीसाठी ओळीने उभी राहिली. मोठं माणूस एकही नाही.

"ताई, मी पालक म्हणाले होते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मीही तेच म्हणाले, बाई."

बाईंनी पर्स उचलली. तेवढ्यात गल्लीतून कालवा ऐकू आला. सगळ्यांत पुढे भिंगरीची आई, हात पिठाने माखलेले, मागे कुणाचा काका अर्ध्या गालाला साबण लावलेला, मागे आणखी कितीतरी जण. तवे तापले होते, कढया चढल्या होत्या आणि भाज्या घरातून पसार झाल्या होत्या.

ताईंनी डोळे पुसले आणि दोर हातात घेतला. "तुमच्या जुड्या गाडीवर आहेत. न्या की. फक्त दोरातून उडी मारून यायचं."

भिंगरीची आई पुटपुटली, की हे काय भलतंच. पण चपला तिच्या पायांतून कधीच निघाल्या होत्या. दोर फिरला आणि ती अशी उडाली, की तिला म्हणे चार गल्ल्यांपलीकडचं वाळत घातलेलं धुणं दिसलं. थांबायचं नावच घेईना.

भिंगरी पहिल्यांदाच एका जागी थिजली. "आई, तुला येतं हे?"

"यायचं," आई धापा टाकत म्हणाली. "कुणी बोलावलंच नाही इतक्या वर्षांत."

मग काका उडाले, आज्या उडाल्या. तापातून उठलेले वडील माझ्या कठड्याला टेकून उड्या मोजत राहिले. माझ्याच फळ्यांवर भाजी निवडली गेली, कुणाच्या घरी ती कशी करतात यावर बायकांचे वाद रंगले. भाजीला कधी न शिवणारी भिंगरी स्वतः उचलून आणलेल्या जुडीतलं पान धुऊन कराकरा चावत होती. डॉक्टरीणबाईंनी पर्स खाली ठेवली आणि माझ्या दांड्यावरचं दोराचं टोक सोडून आपल्या हातात घेतलं.

"ताई," त्या म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी मोठा दोर आणा. हा पुरणार नाही."

मित्रांनो, आता माझ्या फळ्या खिळखिळ्या झाल्या आहेत. कधीमधी चाकाला तेल घाला, पावसात आडोशाला घ्या, एवढंच मागणं. आणि एक काम कराल? आज संध्याकाळी आईला, बाबांना, आजीला विचारा, लहानपणी काय खेळायचात? ते नुसतं सांगू लागले तर ऐकत बसू नका. हात धरा आणि बाहेर ओढा.