पुष्पलता विकायला काढली

एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक होतो तेव्हा गाड्या सोडायचो, निवृत्त झाल्यापासून जहाजं सोडतो. मोबाइलवरचा खेळ आहे. प्रताप नगरच्या बागेत सकाळी फिरणाऱ्या आम्हा पाच-सात म्हाताऱ्यांची त्यात टोळी आहे, आणि आमच्यातल्या निम्म्यांनी समुद्र पाहिलेला नाही. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. माझी चौदा जहाजं आहेत.

पैसा कसा कमवायचा हे मला कुणी शिकवलं नाही, असं मी बागेत छातीठोकपणे सांगतो. जहाज रिकामं परत आणायचं नाही, एवढं तर डेपोतच कळलं होतं. उगाच पळवायचं नाही. जरा हळू नेलं की तेल वाचतं आणि माल पोचायचा तो पोचतोच. बंदरात नुसतं उभं ठेवलं तर ते बसून खातं. आणि तेलाचा भाव पडला की टाकी काठोकाठ भरून घ्यायची. ही शेवटची युक्ती मात्र आमच्या स्वयंपाकघरातली. माझी बायको पुष्पलता वर्षभराची भिवापुरी मिरची एकदाच घेते, भाव उतरला की. बागेत मी तिचं नाव सांगत नाही, पण माझ्या पहिल्या जहाजाला तिचं नाव दिलं होतं.

तिने मात्र माझं नाव कधी घेतलं नाही. माहेर उमरेडचं, विणकरांचं, वळण जुनं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, तेही मागून कुणीतरी कोपर मारलं म्हणून. एरवी मी ‘अजी’, आणि लोकांपुढे ‘हे’. दवाखान्यात नर्सने नवऱ्याचं नाव विचारलं तर ही बाई माझ्याकडे बोट दाखवते.

मागच्या आठवड्यात भैय्याजींचा फोन आला. हे आमच्या टोळीचे पुढारी. मला अलीकडे ऐकू कमी येतं, म्हणून फोन स्पीकरवर असतो.

“मनोहरराव, रविवारच्या कमाईच्या यादीत पहिला नंबर पाहिजे ना? मंग मोठं जहाज घ्या,” भैय्याजी म्हणाले. “अन् पैसे कमी पडून राहिले तर पुष्पलता काढून टाका. जुनी झाली, हळू चालते, तेल बहुत पिते. भाव येऊन राहिला तवर मोकळे व्हा.”

“हो गा, उद्याच बाजारात टाकतो,” मी म्हणालो.

पुष्पलता समोरच सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडत बसली होती. तिचा हात थांबला.

“किती येऊन राहिले माहे?” तिने विचारलं.

“अवं, खेळातलं जहाज आहे ते.”

“ते समजलं मले. बाकीचे तेरा कोणाच्या कमाईवर घेतले?”

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. “तिच्याच,” मी म्हणालो.

“मंग विका,” ती म्हणाली, आणि सांबार घेऊन आत गेली.

भांडली असती तर बरं झालं असतं. भांडण मिटवता येतं. हे ‘विका’ घेऊन मी रात्रभर कूस बदलत राहिलो, आणि सकाळी मलाच राग आला. एवढ्याशा खेळाचं एवढं काय मनावर घ्यायचं? मी रागाच्या भरात पुष्पलता विक्रीला लावली.

मग चहा आला. साखर बरोबर, आलं बरोबर, पण ‘अजी, चहा’ नाही. कप नुसता समोर ठेवला गेला. जेवणाचंही तसंच. दुपारपर्यंत घरात एकदाही ‘अजी’ ऐकू आलं नाही, आणि त्या एका शब्दावर माझा अख्खा दिवस चालतो हे मला तेव्हा कळलं. मला फार वाईट वाटलं. जहाज परत घ्यावं म्हणून फोन उघडला, तर ते विकलं गेलं होतं. घेणारी कंपनी ‘उमरेड लाईन्स’, कालच निघालेली. उमरेडमध्येही आमच्यासारखे रिकामटेकडे असतील, असं मी मनाशी म्हणालो.

आलेल्या पैशात मोठं जहाज घेतलं. रविवारी यादीत पहिला आलो. भैय्याजींनी सगळ्या टोळीला तर्री-पोहे खाऊ घातले, माझ्या पाठीवर थाप मारली, आणि मला एक घास गोड लागला नाही. घरी जायचं जिवावर आलं होतं. दोन वाटा सोडून लांबच्या वाटेने गेलो.

पुष्पलता गॅलरीत चष्मा लावून बसली होती. हातात मोबाइल.

“अजी,” ती म्हणाली, “कोलंबोवरून येतानी काय भरू? रिकामं आणायचं नसते ना?”

मी चप्पल काढता काढता थांबलो. “कोणाच्या जहाजात?”

“माह्या. अंजूनं फोनवर सांगून टाकाले लावला गेम.” अंजू आमची मुलगी, पुण्याला असते. “सुरुवातीले जे फुकटचे पैसे भेटते, त्याच्यात एकच जुनं जहाज येऊन राहिलं होतं. नाव पाहून घेतलं. आपलं माणूस दुसऱ्याच्या घरी काहून जाऊ द्यायचं?”

म्हणजे उमरेड लाईन्स आमच्याच गॅलरीत बसली होती. मी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसलो. इतकं हलकं मला निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

“चुकलो वं,” मी म्हणालो. “दुप्पट देतो. माही पुष्पलता मले परत दे.”

“पुष्पलता नाही आता ते. नाव बदललं मी.”

“काय ठेवलं?”

मोबाइल पदराआड गेला. मग तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“जुनं झालं, हळू चालते, खाते बहुत,” ती म्हणाली. “पण मनोहरराव विकायचे नाही.”

उखाणा नाही, मागून कुणाचं कोपर नाही. नाव घेतलं आणि ती लगेच मोबाइलमध्ये बघायला लागली. कान लाल झाले होते. माझेही झाले असतील.

“कोण विकायचे नाही?” मी विचारलं. “ऐकू नाही आलं.”

ऐकू स्वच्छ आलं होतं, आणि तिलाही ते माहीत होतं.

“एकदा सांगितलं ना,” ती म्हणाली, आणि मग जरा मोठ्याने पुन्हा सांगितलं.